चटई क्षेत्र

विषय क्रमांक सतरा.
मी सभेचा लिपिक, कोपऱ्यातल्या टेबलाशी,
इतिवृत्ताची वही आणि दोन पेनं,
एक ऐनवेळी रुसतं म्हणून.

पडद्यावर धुळ्याच्या गल्ल्या
फूटपट्टीने ओढलेल्या,
त्यातली चार नंबरची नारिंगी रंगवलेली.
नगररचनाकार अहिरराव साहेब काठी टेकवून सांगतात :
इथे चटई क्षेत्र निर्देशांक
एकवरून अडीच.

चटई म्हटलं की मला चटईच दिसते.
वैशाखात आई धाब्यावर दोन चटया टाकायची
आणि आम्हा पाच भावंडांना त्यांवर आडवं लावायची,
डोकी चटईवर, पाय गार मातीवर.
पाचाला दोनाने भागा.
अडीच.
ही परवानगी आम्हाला
कुणी सभा भरवून दिली नव्हती.

हिलाल भदाणे उठतात, माईक कुईं करतो.
"शहर आडवं पडून राह्यलंय, मॅडम,
त्याला हात धरून उभं करा!
पोरं सुरतला चालली, पुण्याला चालली,
आपण इथं धाबी सारवत बसायचं का?"
बाकं वाजतात.
मी लिहितो : सन्मा. सदस्यांनी विषयाचे समर्थन केले.

नजमाबी मोमीन बसल्या जागेवरूनच विचारतात :
"नळाला पाणी नवव्या दिवशी.
नवव्या मजल्यावर ते कितव्या दिवशी चढेल?"
दोन्ही बाजूंची बाकं हसतात.
मी लिहितो : पाणीपुरवठ्याबाबत विचारणा झाली.

मग कुणी पार्किंग म्हणालं, कुणी गटार,
कुणी म्हणालं, चार नंबरच का, पाच का नाही?
तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं
आणि चहा आला.

प्रेक्षकांच्या गॅलरीत केसरबाई शिंपी,
चार नंबरातली.
उन्हाळाभर तिच्या धाब्यावर
पस्तीस घरांच्या बिबड्या वाळतात.
ती उभी राहिली, कठड्याला धरून :
"आमना बिबडास्ले ऊन कोठून आनशात?"

प्रेक्षकांनी बोलू नये, महापौर म्हणाल्या.
अहिररावांनी मात्र खरंच नियमावली चाळली.
बाजूचं अंतर होतं, जिन्याची रुंदी होती,
आगीसाठी टाकी होती.
उन्हाचं पान सापडलं नाही.
मी काही लिहिलं नाही.

खरं सांगू का, मला हे हवं आहे.
सहा नंबरात माझ्या दोन खोल्या.
मुलासाठी मुलीकडचे येतात,
भिंतींवरून नजर फिरवतात,
पोहे चांगले झाले म्हणतात आणि जातात.
मला हवा आहे तिसरा मजला,
लावलं की लागेल असं एक दार.
आणि केसरबाईच्या बिबड्याही हव्यात,
भरपूर तीळ घातलेल्या.
लिपिकाला मत नसतं.
बरंच आहे.

"मतदान घ्या!"
हात वर जाऊ लागले, मी मोजू लागलो,
चौदा, पंधरा,
सोळावा अर्धाच वर,
तेवढ्यात गॅलरीत कुणाचा तरी फोन वाजला :
"नय उनात! नय उनात व बाई!"

आधी गॅलरी रिकामी झाली.
मग बाकं.
भदाणे एका पायात चप्पल घालून,
नजमाबी त्यांच्याही पुढे,
सूचक आणि अनुमोदक एकाच दारात अडकलेले.
वर गेलेले हात खाली आले
ते थेट गाडीच्या किल्लीवर.

गणपूर्तीअभावी सभा तहकूब.
कारणाला वहीत रकाना नाही.

"बंद करू का साहेब?" शिपाई रमजान विचारतो.
पडद्यावर चार नंबर अजून नारिंगी.
राहू दे जरा, मी म्हणतो.
खिडकीबाहेर एक नंबरात मोटारी सुरू झाल्या,
मग दोन नंबरात.
सहा नंबराला दाब सगळ्यात शेवटी पोचतो.
मला वेळ होता.